तांबड्या माशाची शपथ

२२ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. बियाण्याच्या कंपनीची डायरी दरवर्षी येते आणि कोरीच रद्दीत जाते. यंदा मी ती उचलून कपाटात कुलपात ठेवली. गावच्या सेवा सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आहे आणि मनातलं बोलायला माणूस उरलेला नाही. फोनवर बोलावं तर समोरचा रेकॉर्ड करतो, समोरासमोर बोलावं तर तो जाऊन चहाच्या टपरीवर ओकतो. कागद निदान कुलपात तरी राहतो.

पहिली नोंद माशाची. मागच्या साली पंचायत समितीच्या सभापती निवडीआधी आमच्या बाजूचे सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना कोकणात एका रिसॉर्टवर नेऊन ठेवलं होतं. राखणदारी माझ्याकडे होती. कोण बाहेर जातो, कोण कोणाला फोन लावतो हे पाहत मी दिवसभर खालच्या बैठकीत बसायचो. तिथे समुद्राच्या पाण्याची मोठी काचपेटी होती आणि तिच्यात एक बोटभर मासा. अंगभर शेंदरी तांबडा, पाठीवर पांढरे ठिपके, ठिपक्यांना काळी किनार. सदस्य फुटले नाहीत, पण मी त्या माशात अडकलो. फोटोही काढून आणला.

आज तसाच मासा माझ्या बैठकीत आला. संभाजीनगरच्या वाजेदभाईने टेम्पोतून काचपेटी आणली, खाली पांढरी वाळू घातली, मिठाची पाकिटं शुद्ध पाण्यात कालवून समुद्र तयार केला. अर्धं गाव पाहायला लोटलं. या माशाला कोरिस म्हणतात, रॅस जातीतला आहे, असं वाजेदभाई म्हणाला.

"बीड जिल्ह्यात प्यायला पानी न्हाई, अन् तू चांगल्या पान्यात मीठ कालवून राह्यला. तुझं डोकं ठिकानावर हाय का बे राधा?" बजरंग म्हणाला. माझं नाव तोडून 'राधा' असं मला तो एकटाच म्हणू शकतो, तेही चारचौघांत नाही. लोकांसमोर 'अण्णा' म्हणतो. आम्ही पहिलीपासून एका पाटावर बसलेले. गाडी तोच चालवतो, घराची एक चावी त्याच्याकडे असते. मला अटॅक आला तेव्हा हॉर्नवरचा हात न काढता त्याने अंबाजोगाई गाठली होती. सोसायटीला तो आमच्या पॅनेलमधून उभा आहे.

वाजेदभाई बजावत होता, "अण्णा, ये रेती में सोता है. डर गया तो दो-चार रोज बाहर नहीं आता. ढक्कन खुला मत रखो, कूदता है. और बडा होगा ना, तो इसका रंग..." तेवढ्यात तेलगावहून परमेश्वरचा फोन आला आणि मी बाहेर गेलो. परमेश्वर म्हणजे माझ्या बायकोचा, वच्छलाचा, धाकटा भाऊ. त्याची थोडी जमीन आमच्या शिवारात आहे, म्हणून तोही आमच्या पॅनेलमध्ये. परत येईपर्यंत वाजेदभाईचा टेम्पो निघाला होता. मासा वाळूत झोपतो म्हणे. मासा झोपतो हेच मला पटत नाही.

काचपेटीचा एक फायदा आज लगेच कळला. भेटायला आलेला माणूस माशाकडे बघत बसतो आणि मला काचेत त्याचा चेहरा वाचता येतो.

२४ नोव्हेंबर

मासा गायब.

काल दुपारपासून नाही. झाकण लावलेलं होतं, खाली फरशीवर कुठे पडलेला नाही. मांजराला झाकण उघडता येत नाही. वच्छलाला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला इचारता? मी त्या मच्छीच्या वाऱ्याला उभी राहत न्हाई."

परमेश्वर सकाळीच आला होता. तो मोजून बोलतो. म्हणाला, "दाजी, मला कुनावर बोट ठेवायचं न्हाई. पर चावी कुनाकडं असती, एवढंच इचारतो."

मी त्याला झापलं. बजरंगवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या उजव्या हातावर घ्यायचा. पण परमेश्वर गेल्यावर ते डोक्यातून जाईना. बजरंग कालच म्हणाला होता, हे पाप घरात नको. त्याच्या गळ्यात माळ आहे, नारायणगडाची वारी चुकवत नाही. त्याने मासा नेऊन विहिरीत सोडला नसेल कशावरून?

२८ नोव्हेंबर

मासा सापडला! सकाळी वाळू हलली आणि हा पठ्ठ्या वाळूतून डोकं काढून वर आला, जणू चादर बाजूला करून उठला. बजरंगला बोलावून दाखवलं. तो टाळ्या पिटून हसला. "राधा, तुझ्यापरीस लई हुशार हाय हा. इलेक्शन संपेस्तोवर लपून बसनार व्हता."

मीही हसलो. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. मासा पाच दिवस वाळूत उपाशी राहिला, की कुणीतरी नेऊन भीतीने परत आणून टाकला? दोन्ही होऊ शकतं.

१५ जानेवारी

सोसायटीचा निकाल लागला. तेरा संचालकांपैकी सात आमचे, त्यांत मी, बजरंग आणि परमेश्वरही, आणि सहा सुंदररावाचे. सुंदरराव गेली दहा वर्षं चेअरमन आहे. आता संचालकांनी मिळून चेअरमन निवडायचा, आणि सात हात माझ्यासाठी वर झाले की सुंदरराव घरी. मला आयुष्यात एवढंच हवं आहे. वडिलांना त्या ऑफिसच्या पायरीवर तासन्‌तास ताटकळत बसलेलं मी पाहिलं आहे. त्या पायरीच्या आत खुर्चीवर बसायचं आहे.

सात म्हणजे काठावर. एक जरी फुटला तरी गेलं. म्हणून एकेकाला बैठकीत बोलावतो, माशासमोर बसवतो आणि काचेत पाहतो. सगळे स्वच्छ दिसतात. हेच काळजीचं आहे.

सुंदररावाच्या नातीचा साखरपुडा होता. परमेश्वर म्हणाला, "दाजी, मी जातो. तिथं काय शिजतंय ते बघून येतो." मी त्याला हेर म्हणून पाठवला. तीन तास बसून आला. म्हणे सुंदरराव आमचा एक माणूस फोडणार आहे, नाव कळलं नाही. परमेश्वरचे कान लांब आहेत. सुंदररावाच्या ओसरीवरचं बोलणं याला दुसऱ्याच दिवशी माहीत असतं. असा माणूस जवळ असणं हे माझं नशीब.

वच्छला मात्र ताट वाढताना म्हणाली, "परम्याचं लई ऐकू नका." सख्ख्या भावाविषयी बाई असं बोलते म्हणजे हिला कुणीतरी भरवलं आहे. बजरंग दुपारी स्वयंपाकघरात बसून हिच्याशी बराच वेळ बोलत होता.

३ फेब्रुवारी

माशाचं शेपूट पिवळं दिसतं आहे. पाठीवरचे पांढरे ठिपके पुसट झालेत. पाणी बदलायचं, मीठ कालवायचं, खायला घालायचं हे सगळं बजरंगने आपणहून अंगावर घेतलं आहे. गळ्यात माळ असलेला माणूस, पण चिमट्याने कोळंबीचे तुकडे धरून आत सोडतो, तोंड दुसरीकडे करून. मग बाहेर नळावर बराच वेळ हात धुतो.

परमेश्वर हळूच म्हणाला, "माळकरी मानूस कोळंबीला हात लावतो. कावून?"

खरंच, कावून? मी सांगितलं नव्हतं.

परवा पुण्याला लेकीकडे जायचं आहे. स्वप्नालीने हृदयाच्या तपासणीची वेळ घेतली आहे. बजरंगलाच घर सांभाळायला सांगितलं. दुसरं कोण आहे?

९ मार्च

पुण्यात महिना गेला. एक नळी पुन्हा साफ करावी लागली. आज दुपारी घरी पोचलो, चपला काढायच्या आधी काचपेटीपाशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

हा माझा मासा नाही.

आकाराने दुप्पट. तांबडा रंग गेला. अंग काळपट, त्यावर निळे ठिपके, शेपूट हळदीसारखं पिवळं. तोंडावर हिरव्या रेघा. पांढरा ठिपका औषधाला नाही. मी मोबाइलमधला फोटो काढून शेजारी धरला. आंधळ्यालाही कळेल.

बजरंग मागे उभा होता. मी विचारलं, "हा कुठून आणला?"

"कुठून म्हंजी? त्योच हाय की. रंग बदलतोय रोज थोडा थोडा. मलाबी आधी कायतरी रोग वाटला. पर खातोय चांगला."

"बजरंग, मेला असेल तर मेला म्हण. मी काही बोलणार नाही."

"आरं मेला न्हाई. त्योच हाय, राधा."

तो माझ्याकडे सरळ बघत बोलला. खोटं बोलणाराही आताशा सरळच बघतो. काचेत पाहिलं तर त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

१० मार्च

परमेश्वर आला, माशाकडे बघून हसला आणि म्हणाला, "दाजी, रोज बघनाऱ्याला फसवनं अवघड. म्हनून तुमी न्हवते तवा बदलला. मासा मेला आसंल, हे म्हनायला भेलाय. पर ज्यो एवढ्याशा गोष्टीत तोंडावर खोटं बोलतो, त्यो हात वर करायच्या टायमाला काय करंल?"

मी म्हणालो, वाजेदभाईला फोन लावून विचारतो. परमेश्वर म्हणाला, "त्यानंच दुसरा मासा इकला आसंल की. त्यो कशाला सांगंल?"

हे मात्र बिनतोड आहे. फोन लावला नाही.

१७ मार्च

आज नारायणगडावर गेलो. बजरंगला सांगितलं, तब्येत सुधारली, दर्शन घेऊन येऊ. तो खूश झाला. पहाटे अंघोळ करून, बुक्का लावून गाडी घेऊन हजर. वाटेत लहानपणीच्या गोष्टी काढत होता. नांदूरघाटला दिलेल्या लेकीला मुलगा झाला, त्याचं नाव काय ठेवावं हे मला विचारत होता. मी नाव सुचवलं नाही. माझं लक्ष लागत नव्हतं.

दर्शन झाल्यावर समाधीसमोर त्याला थांबवलं. म्हणालो, "बजरंग, इथे माळेला हात लावून सांग. मासा बदलला नाहीस आणि मत फोडणार नाहीस."

त्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग कळलं. आजूबाजूला बायामाणसं होती, एक पुजारी होता. बजरंगने समाधीकडे पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

त्याने माळ हातात धरली. म्हणाला, "मासा म्या बदलला न्हाई. मत तुमालाच. झालं का, अण्णा?"

बाजूला आमच्या गावचं कुणी नव्हतं. तरी तो अण्णा म्हणाला.

खाली आल्यावर गाडीची चावी आणि घराची चावी दोन्ही त्याने बॉनेटवर ठेवल्या. "मी यष्टीनं जातो," म्हणाला आणि फाट्याकडे चालू लागला. मी हाक मारली नाही. अटॅकनंतर गाडीला हात लावला नव्हता. मीच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत आणली.

संध्याकाळी परमेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "शपथ एवढ्या झटक्यात घेतली? ज्याला मोडायची असती त्यो लगेच घेतो." मी यावर विचार करतो आहे.

२ एप्रिल

चेअरमन निवड सहा तारखेला. आज आमच्या संचालकांना घेऊन कोकणात त्याच रिसॉर्टवर जायचं, निवडीच्या दिवशी थेट सोसायटीच्या दारात उतरायचं. बजरंगला न्यायचं का, यावर निघताना खल झाला. परमेश्वरचं म्हणणं, तो तिथे चार दिवस बरोबर राहिला तर बाकीच्यांना फोडेल. "इथं ऱ्हाऊ द्या. आला तर आला. न्हाई आला तर कळंल तरी."

वच्छलाने हे आतून ऐकलं. बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, त्या मानसानं तुमचा जीव वाचिवला. आन् तुमी त्यालाच गावात सोडून चालले? गाव थुंकंल तुमच्यावर." परमेश्वर खाली मान घालून बसला. बहिणीसमोर तो कधी तोंड उघडत नाही. गुणी आहे.

बजरंगला घेतलं नाही. गाडी निघाली तर तो पारावर बसलेला होता. त्याने बघितलं आणि पेपर वाचायला घेतला.

५ एप्रिल

उद्या निवड आहे, पण लिहायचं आहे ते माशाचं.

रिसॉर्टच्या बैठकीतली काचपेटी अजून तिथेच आहे. इतके दिवस मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. माशाचा विषयच नको होता. आज दुपारी सगळे समुद्रावर गेले आणि मी सहज वळून पाहिलं.

पेटीत आता तीन मासे आहेत. एक बोटभर, तांबडा, माझ्या फोटोतल्यासारखा. एक मोठा, काळपट निळा, पिवळ्या शेपटाचा, घरी बैठकीत आहे तसा. आणि तिसरा या दोघांच्या मधला. त्याचं तोंड तांबडं आहे, पाठीवर एक पांढरा ठिपका अजून शिल्लक आहे, आणि मागचं अर्धं अंग निळ्या ठिपक्यांचं, शेपूट पिवळं. एकाच माशाच्या अंगावर दोन्ही. अर्धा तो आणि अर्धा हा.

मी काचेला कपाळ टेकवून उभा राहिलो. मग वाजेदभाईला फोन लावला. तो म्हणाला, "मैं तो उसी दिन बोल रहा था ना अण्णा. बच्चा लाल रहता, बडा हुआ तो पूरा रंग बदलता. आपको बीच में फोन आया."

बजरंगला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा. संध्याकाळपर्यंत लावत होतो. परमेश्वरला हे सांगावं म्हणून शोधलं, तर तो एकटाच वाळूवर लांब उभा राहून फोनवर बोलत होता. मला बघून फोन खिशात घातला. घरचा होता म्हणाला.

६ एप्रिल

सोसायटीच्या दारात गाडीतून उतरलो तेव्हा बजरंग आधीच आत होता. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, शेवटच्या खुर्चीवर. मी जवळ गेलो तर म्हणाला, "आधी काम होऊ द्या, अण्णा."

अधिकाऱ्याने अर्ज वाचले. एक माझा. दुसरा सुंदररावाचा असणार म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. अधिकाऱ्याने नाव वाचलं, परमेश्वर. सूचक, सुंदरराव.

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. परमेश्वर माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठला आणि समोरच्या रांगेत सुंदररावाशेजारी जाऊन बसला. खुर्ची अजून गरम असेल. सुंदररावाला दहा वर्षं झाली होती, लोक कंटाळले होते. त्याने आमच्यातलाच एक चेअरमन करून दिला आणि मला बाहेर ठेवलं.

हात वर करायला सांगितले. माझ्यासाठी सहा हात वर झाले. सर्वांत आधी वर झाला तो शेवटच्या खुर्चीवरचा. सरळ, ताठ, अधिकाऱ्याने मोजून खाली घ्या म्हणेपर्यंत तसाच. परमेश्वरसाठी सात.

गुलाल उधळला तेव्हा मी बजरंगला शोधलं. तो कधीच निघून गेला होता.

घरी वच्छलाने पाणी दिलं आणि माझ्यासमोर खाली बसून राहिली. भाऊ तिचाही होता.

९ एप्रिल

दोन दिवस धीर झाला नाही. आज चालत बजरंगच्या घरी गेलो. या घरात मी कधी हाक मारून गेलो नाही. थेट आत, चुलीपाशी, त्याची बायको कडूबाई भाकरी थापत असेल तिथे पाट ओढून बसायचो आणि तव्यावरचीच मागायचो.

आज कडूबाईने मला पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि अंगणात खुर्ची आणून ठेवली. पाण्याचा तांब्या आणला. चहा कपबशीत आला, बिस्किटं वेगळ्या बशीत. बजरंग समोर बाजेवर बसला आणि यंदाच्या कापसाचं बोलू लागला. ऊसतोडीला गेलेले परत यायला लागलेत, गाव भरलं आता, असं म्हणाला. चांगलं बोलत होता. मला ते सहन होईना.

मी म्हणालो, "बजरंग, मी चुकलो. मासा तोच होता. तिथे रिसॉर्टच्या पेटीत माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अर्धा तांबडा अर्धा निळा. मला माफ कर बे."

तो रागावला नाही, आवाजही चढला नाही. "त्या हाटेलातल्या माशानं सांगितलं ते तुमाला पटलं, अण्णा. म्या बी त्येच सांगत व्हतो. घरात सांगितलं, गडावर माळेला हात लावून सांगितलं. ते न्हाई पटलं. मंग माझ्यापाशी माफी कावून मागायलेत? माझा तुमाला इस्वास आज बी आला न्हाई. माशाचा आला."

चहा गार झाला होता, तो पिऊन टाकला. निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत पोचवायला आला, पाहुण्याला पोचवतात तसा. "तब्येतीला जपा," म्हणाला.

वळणापर्यंत आलो आणि मनात आलं, हा इतका शांत कसा? शिवी दिली नाही, हाकललं नाही. परमेश्वरने याला आधीच काही कबूल केलं नसेल ना? हात मुद्दाम सगळ्यांत आधी वर केला नसेल कशावरून, मला दाखवायला? आतून ठरलेलं असेल तर?

हे सगळं मनात पुरतं बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. मी शाळेच्या भिंतीपाशी उभा होतो. त्याच्या घराचं फाटक अजून दिसत होतं. आयुष्यभराचा मित्र आत्ताच तिथे सोडून आलो आणि हे डोकं लगेच आपल्या कामाला लागलं. परमेश्वरने त्यात काहीतरी ओतलं हे खरं, पण भांडं माझंच होतं.

भिंतीला धरून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. रस्त्याने माणसं जात होती, थांबून बघत होती, हळू आवाजात एकमेकांना सांगत होती की अण्णाला चेअरमनकी गेल्याचं लई लागलं.